रिझर्व्हचा लाल दिवा: जुन्या गाडीतला कारखान्याचा दिवा पुन्हा चालू करताना कामाचा क्रम

जुन्या गाडीचा रिझर्व्ह दिवा, म्हणजे टाकीत पेट्रोल तळाला आलं की डॅशबोर्डवर लागणारा दिवा, बंद पडला की बहुतेक मालक त्याचा नाद सोडतात आणि पेट्रोलच्या काट्यावर भागवतात. उरलेले हौसेने थेट टाकी उघडतात, आणि ते जास्त महागात पडतं. दोष निघतो बल्बात किंवा डिकीतल्या गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या बॉडीला केलेल्या जोडात. पण तोवर टाकीवरचं जुनं गॅस्केट फाटलेलं असतं, सेंडरचा (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाचा) दांडा वाकलेला असतो आणि गाडीत पेट्रोलचा वास कायमचा मुक्कामाला आलेला असतो. म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. आधी दिवा, मग वायर, मग अर्थ आणि अगदी शेवटी टाकी.

ही माहिती फियाट घराण्यातल्या गाड्या, जुन्या मर्सिडीज आणि तशाच रचनेच्या इतर पेट्रोल गाड्यांना लागू पडते. काही मॉडेलांत हा दिवा सरसकट यायचा, काहींत फक्त वरच्या मॉडेलला किंवा जादा पैसे भरून. त्या दुसऱ्या प्रकारातला सेंडर किंवा दिव्याची काच आज सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे जे हातात आहे तेच वाचवायचं, हे धरून चाला.

रचना अगदी साधी आहे. चावी फिरवली की फ्यूजमधून प्लस दिव्याच्या बल्बला मिळतो. बल्बच्या दुसऱ्या टोकाची वायर मागे टाकीवरच्या सेंडरला जाते. सेंडरच्या आत काट्याची रेझिस्टन्स वायर असते आणि तिच्याशिवाय एक वेगळा छोटा कॉन्टॅक्ट असतो. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट तळाशी आला की तो कॉन्टॅक्ट बॉडीला चिकटतो, अर्थ पूर्ण होतो आणि दिवा लागतो. म्हणजे काटा चालतो म्हणून दिव्याचा कॉन्टॅक्ट चांगला, असं समजायचं कारण नाही.

टप्पा १: तुमच्या गाडीत हा दिवा होता का, हे नक्की करा

महिन्यामागून महिना घालवत वर्षभर नसलेल्या वायरचा शोध घेणारे लोक आहेत. त्यापेक्षा एक सकाळ या तपासणीला द्या.

१. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागून बल्बच्या जागा मोजा. भोक आहे पण होल्डरऐवजी बूच बसवलंय, तर त्या मॉडेलला दिवा ऐच्छिक असण्याची शक्यता मोठी.

२. डिकीतली मॅट उचलून सेंडरवर किती टर्मिनल आहेत ते बघा. फक्त काट्याचं एकच टर्मिनल असेल, तर हा सेंडर दिव्याचा नाही. दोन असतील आणि शिवाय अर्थची जागा असेल, तर दिव्याचा आहे. फियाटच्या बऱ्याच सेंडरवर काट्याच्या टर्मिनलला टी आणि दिव्याच्या टर्मिनलला डब्ल्यू कोरलेलं असतं. गंज पुसल्याशिवाय ते दिसत नाही.

३. वायरिंग डायग्राम आणि पार्ट्स कॅटलॉग तुमच्या वर्षाचा आणि तुमच्या मॉडेलचा मिळवा. शेजारच्या वर्षाचा चालत नाही, वायरचे रंग बदललेले असतात.

४. वायरिंगच्या मागच्या टोकाला टेप गुंडाळून सोडून दिलेली एखादी वायर आहे का बघा. कारखाने पुष्कळदा एकच वायरिंग सगळ्या मॉडेलांना वापरायचे, त्यामुळे दिवा नसलेल्या गाडीतही वायर सापडते.

गाडीला दिवा कधीच नव्हता असं निघालं, तर तो बसवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. डॅशबोर्डला नवीन भोक मात्र पाडू नका. मूळ पत्रा एकदा कापला की परत येत नाही, आणि पुढे गाडी घेणारा सगळ्यात आधी ते भोकच बघतो.

काही जुन्या अमेरिकन गाड्यांत कॉन्टॅक्टऐवजी टाकीत थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. उघडा पडला की तापतो, त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि दिवा लागतो. तिथे खालच्या तपासण्या तशाच्या तशा लावू नका. ती वायर सरळ अर्थला टेकवली तर त्या गाडीत काय होईल, हे तिचा डायग्राम बघूनच ठरवा.

टप्पा २: तयारी

टाकीचं काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, सकाळी, उघड्यावर करा. उन्हाळ्यात पेट्रोल भराभर उडतं आणि वाफ जमते. आपल्या पावसाळ्यात टाकी उघडी ठेवणं म्हणजे दमट हवेला आत बोलावणं. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ऊस आपलाच, कारखानेही आपलेच, पण जुन्या टाकीला हे मिश्रण मानवत नाही: कॉर्कचं गॅस्केट, जुने रबर आणि कॉर्कच्या फ्लोटवरचं लाखेचं कोटिंग यांना ते खातं.

हाताशी हे असू द्या: मल्टिमीटर, पाच वॅटच्या आतला टेस्ट लॅम्प, एका टोकाला फ्यूज असलेली तीन-चार मीटर लांब वायर, पितळेचा पंच, कॉन्टॅक्ट क्लीनर, झाकणाचा लोखंडी कॅन, माती किंवा वाळूची बादली आणि ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर. मोबाइलने प्रत्येक जोडाचा फोटो घ्या, वायर सुटी करण्याआधी.

इशारा: गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून टाकी उघडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठून राहते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत, काम करून घेणार असाल, तर शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू नाही ना, हे आधी बघा. अर्धी भरलेली टाकी जेवढी धोक्याची, त्याहून रिकामी जास्त धोक्याची, कारण तिच्यात सगळी वाफच असते.

टप्पा ३: टाकी न उघडता निदान

या टप्प्यावर घाई करू नका. बहुतेक दोष इथेच सापडतात.

१. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चावी बंद असताना सेंडरवरची दिव्याची वायर काढा. तिचं टोक टेपने झाका.

२. चावी चालू करा, इंजिन नको. वायरचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. साधारण १२ व्होल्ट आले, तर एकाच मोजमापात तीन गोष्टी कळल्या: फ्यूजपर्यंत प्लस आहे, बल्बची फिलॅमेंट शाबूत आहे आणि वायर कुठे तुटलेली नाही. शून्य आलं, तर टाकीला हात लावायचं काही कारण उरलं नाही. टप्पा ४ कडे जा.

३. आता भार टाकून बघा. वायरिंगवाल्यांचं चुकतं ते नेमकं इथे. मीटरवर १२ व्होल्ट दिसले की ‘वायर ओके’ म्हणून ते पुढे जातात. मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही, त्यामुळे काळा पडलेला, एकाच तारेवर टिकलेला जोडही त्याला चांगलाच दिसतो. चावी बंद करून लांब वायरचं एक टोक दिव्याच्या वायरला पक्कं जोडा. दुसरं टोक गाडीच्या पुढच्या बाजूला, दरवाज्याच्या बिजागरीपाशी न्या. चावी चालू करा आणि तिथे बॉडीच्या स्वच्छ धातूला टेकवा. ठिणगी पडलीच तर टाकीपासून लांब पडेल.

दिवा लख्ख लागला तर बल्ब आणि वायर पास. दोष अर्थमध्ये किंवा सेंडरमध्ये. मंद लागला तर वाटेत जोड खराब आहे.

४. सेंडरचा अर्थ वेगळा तपासा. सेंडरची बॉडी आणि बॅटरीचा अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा जाता तो जवळपास शून्य हवा. तो वरखाली होत असेल तर आधी अर्थ दुरुस्त करा आणि सगळं परत मोजा.

तपासून घ्या: गाडीचा अर्थ निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह? साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. साध्या बल्बला फरक पडत नाही, मीटर आणि टेस्ट लॅम्पच्या आकड्यांचा अर्थ मात्र उलटा लागतो.

‘साहेब, डायरेक्ट करून देतो’ हे वाक्य याच टप्प्यावर ऐकू येतं. डायरेक्ट म्हणजे वायर कायमची अर्थला, आणि दिवा कायमचा चालू. किंवा मग डॅशखाली एक बटण. दोन्हीला नकार द्या.

टप्पा ४: मीटर, बल्ब आणि काच

बॅटरीचा अर्थ काढल्याशिवाय डॅशबोर्डवरचा मीटर बाहेर ओढू नका. मीटरच्या मागे स्पीडोमीटरची केबल हाताने फिरवून सुटी करा. ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा मेकॅनिकल काटा असेल, तर त्याची बारीक नळी वाकवायची नाही. ती एकदा मोडली की दिव्यापेक्षा मोठं काम निघतं.

बल्ब मूळ वॅटचाच घ्या. मीटरचे बल्ब साधारण दोन-तीन वॅटचे असतात. तीन वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाव अँपिअर ओढतो. सेंडरमधला कॉन्टॅक्ट एवढ्यासाठीच बनवलेला आहे. जास्त उजेड हवा म्हणून पाच वॅटचा बल्ब लावला किंवा त्यासोबत बझर जोडला, तर तो कॉन्टॅक्ट जळतो, आणि जळलेला कॉन्टॅक्ट टाकीच्या आत असतो.

एलईडीचा मोह बऱ्याच जणांना होतो. माझं मत स्पष्ट आहे: या दिव्यात नको. ओलसर जोडातून जो थोडा करंट गळतो, तेवढ्यावरही एलईडी मिणमिणतो आणि टाकी भरलेली असताना रिझर्व्ह दाखवतो. शिवाय त्याचा करंट इतका कमी असतो, की कॉन्टॅक्टवरचा मळाचा पातळ थर फुटत नाही. फिलॅमेंटच्या बल्बने तो थर फुटत राहतो.

होल्डरची पितळी पट्टी काळी पडली असेल तर काचफायबरच्या ब्रशने घासा आणि हलकेच वर उचला. दिव्याची रंगीत काच बहुधा प्लॅस्टिकची असते. ती कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही लागलं की प्लॅस्टिकला बारीक भेगा पडतात आणि त्या जात नाहीत. रंग उडाला असेल तर मागच्या बाजूने काचेच्या पारदर्शक रंगाचा एक पातळ हात पुरतो. पुढची बाजू आणि तिच्यावरचं चिन्ह तसंच राहू द्या.

आणखी एक बघा: काट्याला व्होल्टेज स्टॅबिलायझर असलेल्या गाड्यांत कुणीतरी मधल्या काळात दिव्याचा प्लसही त्याच स्टॅबिलायझरच्या पुढून घेतलेला असतो. मग दिवा मंद लागतो किंवा ठोक्याठोक्याने लुकलुकतो. डायग्राममध्ये दिव्याचा प्लस कुठून निघतो ते बघा आणि तिथूनच घ्या.

टप्पा ५: वायर आणि अर्थ

वायर पूर्ण बदलण्याआधी दोन्ही टोकांचे चार-पाच सेंटिमीटर कापून बघा. आतलं तांबं लालसर चमकदार असेल तर नवीन टर्मिनल दाबून बसवा, बाकी वायर चांगली आहे. तांबं काळं आणि बोटाने चुरगळणारं असेल तर पूर्ण वायर बदला. ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची पुरते. रंग डायग्रामप्रमाणे घ्या; हाताला लागली ती पिवळी वायर लावली, तर पुढच्या मिस्त्रीला तुमच्या नावाने बोटं मोडावी लागतील.

डिकीत वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. कोल्हापूरचा पाऊस डिकीच्या जुन्या रबरातून आत येतो, मॅट ते पाणी धरून ठेवते आणि सेंडरच्या भोवतीचा पत्रा गंजतो. अर्थचा स्क्रू काढून त्याखालचा पत्रा रंग जाईपर्यंत घासा, दातेरी वॉशर लावा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन चोपडा. क्रम असाच: आधी धातूला धातू, मग वर व्हॅसलीन.

आता टप्पा ३ मधली दुसरी आणि तिसरी तपासणी पुन्हा करा. दोन्हीत पास झालात आणि वायर सेंडरला जोडल्यावर, टाकीत पेट्रोल तळाला असूनही दिवा लागत नाही, तरच पुढे चला.

टप्पा ६: सेंडर बाहेर काढणं

बॅटरीचा अर्थ काढा. टाकीतलं पेट्रोल लोखंडी कॅनमध्ये काढा. तोंडाने नळी ओढू नका, हातपंप वापरा.

सेंडरभोवतीची माती ब्रशने आणि हलक्या हवेने साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. सेंडरची बॉडी आणि टाकी यांच्यावर मार्करने एक सरळ रेघ मारा. स्क्रूची भोकं बहुधा एकाच पद्धतीने जुळतात, पण काही सेंडर उलटेही बसतात, आणि मग फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो. अडकलेल्या लॉकरिंगला पितळेच्या पंचाने हळू ठोका. लोखंडी छिन्नी नको.

स्क्रू सुटले तरी सेंडर सरळ वर ओढायचा नाही. थोडा उचला, तिरका करा, फ्लोटचा दांडा भोकातून फिरवत काढा. दांडा एवढासा जरी वाकला तरी काटा आणि दिवा दोन्ही चुकीचं दाखवतात. सेंडर निघाला की टाकीचं तोंड लगेच जाड फडक्याने बंद करा.

जुन्या मर्सिडीजमध्ये, उदाहरणार्थ डब्ल्यू १२३ मध्ये, सेंडर उभ्या नळीच्या आकाराचा असतो. फ्लोट नळीच्या आत केसासारख्या बारीक तारांवर सरकतो आणि तळाला पोचला की रिझर्व्हचा कॉन्टॅक्ट जोडतो. तो उघडताना तारांना बोटही लावू नका. नळी काढून फक्त क्लीनरने धुवा.

टप्पा ७: टेबलावर सेंडर

पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत सेंडर उघड्यावर ठेवा. मग:

१. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटका आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे जिथून येतात तिथे छिद्र. झाळ लावायची घाई करू नका. आत पेट्रोलची वाफ असलेल्या फ्लोटला तापलेला कैय्या (सोल्डरिंग आयर्न) लावणं धोक्याचं आहे. जुळणारा नवीन फ्लोट मिळत असेल तर तोच घाला. कॉर्कचा फ्लोट जड झाला असेल तर तो वाळवून पुन्हा वापरू नका.

२. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक दिव्याच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला लावा. फ्लोट सगळ्यात खाली असताना रेझिस्टन्स एक ओहमच्या आत हवा. फ्लोट हळू वर उचला: एका जागी कॉन्टॅक्ट स्वच्छ तुटला पाहिजे. हेच पुन:पुन्हा करा. आकडा थरथरत असेल तर कॉन्टॅक्ट मळलाय.

३. कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये जाड कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून घाला, बोटाने हलकेच दाबा आणि ओढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. काळे खड्डे पडले असतील तरच हजार नंबरचा पॉलिश पेपर, दोन-तीन हात. काट्याच्या रेझिस्टन्स वायरला कुठलाही पॉलिश पेपर लागता कामा नये.

४. कॉन्टॅक्टची पत्ती ढिली असेल तर चिमट्याने अगदी थोडी वाकवा आणि दुसरी तपासणी पुन्हा करा. जास्त वाकवली तर दिवा अर्ध्या टाकीवरच लागेल.

टप्पा ८: बसवणं

गॅस्केट नवीनच घ्या, तेही इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबरचं. शीट मिळाली तर उद्यमनगरात तुमच्या सेंडरच्या मापाने कापून घेता येतं. साधं सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरपर्यंत जातात.

स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा. वॉशर नवीन घाला. रेघेवर रेघ जुळवा. वायरी जोडताना काट्याची आणि दिव्याची अदलाबदल झाली, तर दिवा मंद लागतो आणि पेट्रोलच्या पातळीप्रमाणे त्याचा उजेड बदलतो. तसं दिसलं की चावी लगेच बंद करा, कारण बल्बचा करंट काट्याच्या नाजूक रेझिस्टन्स वायरमधून जातोय.

बॅटरी जोडण्याआधी दहा मिनिटं डिकी उघडी ठेवा. वास येत असेल तर चावीला हात लावू नका.

टप्पा ९: किती लिटरवर लागतो, ते मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मग दिवा लागल्यावर किती जाता येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. गाडी सपाट जागी उभी करा. काढलेल्या पेट्रोलपैकी एकेक लिटर मापाने टाकीत ओता. प्रत्येक लिटरनंतर कॅनचं झाकण लावा, टाकीचं झाकण लावा, थोडा वेळ थांबा आणि मग चावी फिरवा. ज्या लिटरला दिवा विझतो तो तुमचा आकडा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या रिझर्व्हशी तो जुळवा. एखाद्या लिटरचा फरक चालतो. जास्त असेल तर फ्लोटचा दांडा त्याच्या मूळ वाकणापाशी किंचित सरळ करा, पण लक्षात ठेवा, काटाही त्यासोबत हलणार.

रस्त्यावर

पहिली फेरी रंकाळ्याभोवती, सपाटीवर मारा. दिवा लागायच्या पातळीच्या जवळ आलात की वळणावर आणि ब्रेकला तो लुकलुकेल. टाकीत पेट्रोल हेलकावे घेतं, तेवढंच. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना तो सपाटीपेक्षा आधी किंवा उशिरा लागेल, सेंडर टाकीत पुढे आहे की मागे त्यावर ते ठरतं. त्यावरून दांडा वाकवायला जाऊ नका.

चढावर लुकलुकणारा दिवा सपाटीवर येऊन पाच मिनिटं झाली तरी थरथरत असेल, तर मात्र आधी अर्थचा स्क्रू बघा, मग टर्मिनल. पहिला पाऊस झाल्यावर डिकीची मॅट एकदा उचलून हीच दोन ठिकाणं पुन्हा तपासा.